फाट्यावरचा गतिरोधक

इस्पितळात जखमी माणूस आला की डॉक्टर विचारत, "कुठे लागलं?" पंकजाही तेच विचारायची. तमिळमध्ये दोघांचा प्रश्न अगदी सारखा ऐकू येई, त्यामुळे लोक तिलाही गुडघा नाहीतर कपाळ दाखवत. मग ती म्हणे, "अंगावर नव्हे हो. कोणत्या जागी? कोणत्या वळणावर? समोरून काय आलं?" काही जण सांगत, काही जण वैतागत. एका म्हातारबाबांनी तर तिला उलट विचारलं होतं, "जागा कळून काय करणार, अम्मा? ती जागा माझं हाड जोडून देणार आहे का?"

पंकजा तंजावरच्या एका संशोधन संस्थेत होती. कुंभकोणम आणि आजूबाजूच्या गावांत माणसांना इजा कशा होतात, कोणाला होतात आणि त्या टाळता कशा येतील, हा अभ्यास संस्थेनं तिच्याकडे दिला होता. रस्त्यावरची धडक, तळ्यात बुडणं, चुलीपाशी भाजणं, नारळाच्या झाडावरून पडणं, सगळंच त्यात आलं. लोकांना हे काम काही केल्या उमगत नसे. तापावर, मधुमेहावर संशोधन असतं हे त्यांना ठाऊक होतं. पडण्यावर कसलं आलंय संशोधन? ते तर कपाळी लिहिलेलं. पंकजाला या बोलण्याचा फार राग येई. पटकीला जसं कारण असतं तसंच पडण्यालाही असतं, असं ती ज्याला त्याला सांगत सुटे. विहिरीला कठडा नसला की मूल आत पडतं; त्यात कपाळाचा काय संबंध?

घरी मात्र तिचं काम एका माणसाला मनापासून आवडायचं. ती म्हणजे तिची मोठी जाऊ मंगला. कुंभकोणमच्या मोठ्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एकत्र घर होतं. पंकजाचा नवरा रविशंकर कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचे थोरले भाऊ शामसुंदर यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. दिवे, घंगाळी, कॉफीचे फिल्टर. कितीतरी पिढ्यांपूर्वी कोणी पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले, आणि त्यांची बोली उंबऱ्याच्या आत तशीच राहून गेली. उंबरा ओलांडला की तमिळ. घरात मराठीच, तीही अशी जुनाट की एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हसू आवरलं नव्हतं.

संध्याकाळी पंकजा परतली की मंगला ओसरीवर मोगरा ओवत बसलेली असायची. मान वर न करता ती विचारायची, "आज कोण पडला गे?"

आणि पंकजा सांगायची. आडुतुरैचा दूधवाला सायकलवरून कालव्यात गेला. चाकात ओढणी अडकून एक मुलगी फरफटली. मंगला चुकचुकायची, मधूनच हसायची, पडलेल्यांची नावं विचारायची. नावं सांगायची नाहीत असा नियम होता, म्हणून ती स्वतःच त्यांना नावं द्यायची. दूधवाल्याचं नाव तिनं कालवाराजा ठेवलं होतं.

"अक्का, तू तरी हेल्मेट घालत जा," पंकजा म्हणायची. "आणि स्कूटरवर भावजींच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसतेस ना, ते बरं नव्हे. धरायला काहीच नसतं."

"लुगड्यात दोहीकडे पाय टाकून बसू? ह्या वयात? गाव जमेल पाहायला." मंगला केसांतल्या गजऱ्याला हात लावायची. "आणि तुझ्या हेल्मेटाखाली ह्याचा चोथा होईल, तो वेगळा."

त्या वर्षी इस्पितळातल्या लोकांच्या तोंडी एक जागा वरचेवर येऊ लागली. आडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुनीलक्कुडीच्या फाट्यापाशी एक शाळा होती. शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या. बस एकमेकींच्या पुढे काढायच्या त्या नेमक्या तिथेच, कारण तेवढाच तुकडा सरळ होता. शाळा सुटली की मुलं एकदम रस्त्यावर येत. कोणाचा पाय मोडला, कोणाची हनुवटी फुटली, आणि पावसाळ्यानंतर तिसरीतला एक मुलगा दगावला.

तो मुलगा गेला त्या संध्याकाळी पंकजाला बोलवेना. मंगलानं सुईदोरा खाली ठेवला.

"अगो, एक विचारू? तू ह्या सगळ्यांना नुसती विचारत्येस, की पुढे काही करत्येस पण?"

"आम्ही कारण शोधतो, अक्का. मग सुचवतो."

"कोणाला सुचवतेस? भिंतीला?"

पंकजाला ते झोंबलं, कारण खरं होतं. आजवर तिचे अहवाल तंजावरला जात, तिथून चेन्नईला जात आणि परिषदांमध्ये वाचले जात. दुसऱ्या दिवशी ती थेट फाट्यावर गेली.

शाळेच्या मुख्याध्यापिका लक्ष्मीप्रिया टीचर तिची वाटच पाहत असल्यासारख्या भेटल्या. मुलगा गेल्यापासून त्या शाळा सुटताना स्वतः रस्त्यात उभ्या राहत होत्या. दोघी मिळून रस्त्याच्या खात्यातल्या अभियंत्याकडे गेल्या. चंद्रमौळी त्यांचं नाव. शांत, थकलेला माणूस, पण ऐकून घेणारा. पंकजानं त्यांच्यापुढे सगळी माहिती ठेवली आणि काय हवं ते चित्र काढून दाखवलं: रुंद, हळूहळू चढत जाणारा गतिरोधक, त्यावर पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना आधीच लावलेली पाटी आणि वर एक दिवा.

"हे चारही एकत्रच पाहिजेत, सार," ती म्हणाली. "नुसता उंचवटा नको. तो दिसला तर उपयोग, नाहीतर तोच घात करील."

"बरोबर आहे तुमचं," चंद्रमौळी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

हेलपाट्यांत हिवाळा गेला. मग एका सकाळी लक्ष्मीप्रिया टीचरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, स्पीडब्रेकर झाला! रात्रीत करून गेले!"

पंकजा पाहायला गेली. काळ्या रस्त्यावर डांबराचा काळाच ढीग. चढ सांगितला होता त्याहून उभा. पट्टे नाहीत, पाटी नाही, दिवा नाही. पण बस येत होत्या आणि फाट्यापाशी धाडकन ब्रेक लावून, पुढच्या चाकांवर वाकून, सावकाश तो ओलांडत होत्या. मुलं हसत हसत रस्ता पार करत होती. लक्ष्मीप्रिया टीचरांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी चढाच्या कोनाबद्दल काय बोलायचं? पंकजा बोलली नाही. गाडीत बसल्यावर मात्र तिनं चंद्रमौळींना फोन लावला.

"रंगाचं काम वेगळ्या कंत्राटात असतं, मॅडम," ते म्हणाले. "दिव्याचं तर खातंच वेगळं. मी लिहिलंय दोघांना. होईल."

घरी ही बातमी म्हणजे सण झाला. मंगलानं पायसम केलं. शामसुंदर यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "तिरुनीलक्कुडीच्या फाट्यावर आता बस थांबत्यें. आमच्या पंकजेनं बसवला तो स्पीडब्रेकर." मंगला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी वागत होती. "मी टोचलं म्हणून झालं हो," असं ती शेजारणींना ऐकवायची, आणि ते खरंच होतं.

त्यानंतर शाळेचं एकही मूल इस्पितळात आलं नाही. पंकजा दर आठवड्याला चंद्रमौळींना पट्ट्यांची आठवण करायची, आणि ते दर वेळी तितक्याच सौम्यपणे सांगायचे की पाठपुरावा चालू आहे. हळूहळू आठवडे लांबले. तिच्याकडे दुसरी कामं आली, तळ्यांच्या पायऱ्यांचं, भाताच्या मळणीयंत्रांचं. फोन महिन्यावर गेला.

एकादशीला शामसुंदर आणि मंगला गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात भजनाला गेले. जाताना फाट्यावर मंगलानं त्यांना स्कूटर थांबवायला लावली आणि तो उंचवटा डोळे भरून पाहिला. हे शामसुंदर यांनी नंतर सांगितलं. येताना अंधारून आलं होतं. मंगला नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर प्रसादाचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला.

फोन रविशंकरनं घेतला. पंकजा स्वयंपाकघरात होती. तिला त्याचा चेहराच आधी दिसला.

इस्पितळातल्या त्या दालनात पंकजा इतक्यांदा उभी राहिली होती की तिथल्या आया तिला नावानं ओळखत. आज ती जखमींच्या नातेवाइकांत होती. मंगलाला आत नेलं होतं. शामसुंदर बाहेर बसले होते, एक कोपर सोललेलं, धोतरावर प्रसादाच्या साबुदाणा खिरीचे डाग. त्यांना बाकी काहीच लागलं नव्हतं.

पंकजाबरोबर काम करणारा शशांक त्या दिवशी इस्पितळात होता. तो जवळ आला आणि पंकजाला पाहून घुटमळला. त्याचं काम तिनंच त्याला शिकवलं होतं. पहिल्या तासात विचारा, नंतर माणसाच्या आठवणीत बदल होतो.

"विचार," पंकजा म्हणाली.

"सार," तो शामसुंदर यांच्यापुढे उकिडवा बसून हळूच म्हणाला, "कुठे झालं?"

शामसुंदर यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पंकजाकडे पाहून मराठीत बोलले. "तुझ्याच फाट्यावर गे. समोरून बस आली, तिचा उजेड डोळ्यांत. आणि खालून रस्ताच वर आला. मी ठाऊक असून विसरलों. अख्ख्या बाजारात मीच सांगत फिरलों ना, तिथे आहे म्हणून? पण दिसला नाही. मागे वळून पाह्यलों तर सीटवर ती नव्हतीच."

शशांकला मराठी येत नव्हतं. तो पंकजाकडे पाहत राहिला. तिनं त्याला तमिळमध्ये जागा सांगितली. त्याच्याही लक्षात आलं, आणि तो उठून गेला.

मंगलाच्या डोक्याला मार बसला होता. तिला तंजावरला हलवलं, शस्त्रक्रिया झाली, आणि ती वाचली. कोईमतूरहून तिची मुलगी लावण्या आली, महिनाभर राहिली आणि रडत परत गेली. मंगला घरी आली तेव्हा तिचा उजवा हात छातीशी मुडपलेला होता, आणि ती बोलत नव्हती. बोलली ती एका सकाळी, शामसुंदर तिला कॉफी पाजत असताना. "पोदुम," ती म्हणाली. पुरे.

त्यांना इतका आनंद झाला की ते ओरडतच आतल्या खोलीकडे धावले. पण मग कळलं की तिच्याकडे एवढंच उरलं होतं: पोदुम, वेण्डाम, तण्णी. पुरे, नको, पाणी. सगळं तमिळ. मराठी समजत होती, निदान तसं वाटत होतं, पण एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये असं कधी कधी होतं. एक राहते, एक जाते. कोणती राहील ते सांगता येत नाही.

"चाळीस वर्षांत आम्ही आपसांत कधी तमिळ बोललों नाही," शामसुंदर एकदा म्हणाले. "आता ती मजशी बोलत्यें ती अशी, जशी बाजारात कोणी परक्याशी बोलावी."

पंकजा रोज मंगलाचे केस विंचरायची. शस्त्रक्रियेसाठी काढलेले केस आखूड, राठ परत आले होते. एका संध्याकाळी विंचरता विंचरता तिनं कामावरच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, सवयीनं, अमका पडला, तमकी भाजली. मंगलानं तिचा हात बाजूला सारला. "वेण्डाम," ती म्हणाली. त्या दिवसापासून पंकजानं घरी कामाचं बोलणं बंद केलं.

आता तिच्यासमोर प्रश्न उभा होता, आणि तो तिच्याच विषयातला होता. गतिरोधक झाल्यापासून त्या जागेवरच्या सगळ्या जखमा तिनं शशांकला वेगळ्या काढायला सांगितल्या. मुलं एकही नाही. पण स्कूटरवरून, मोटरसायकलवरून पडलेली माणसं होती, बहुतेक मागे बसलेल्या बायका, आणि सगळ्या अंधार पडल्यावरच्या. कोणाचं मनगट, कोणाचा खांदा. त्यांच्यापैकी कोणालाही मंगलाइतकं लागलं नव्हतं, म्हणून ते कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. तिच्याही नाही.

तिनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. गतिरोधक नसता तर या काळात किती मुलं धडकली असती ते तिला अंदाजानं सांगता येत होतं. तो अंदाज मंगलाच्या बाजूला ठेवून तोलता येत नव्हता. आणि तोलायची गरजच नव्हती, हे जास्त जिव्हारी लागत होतं. पांढऱ्या रंगाचे पट्टे असते तर मुलंही वाचली असती आणि मंगलाही.

ती चंद्रमौळींकडे गेली. त्यांना सगळं ठाऊक झालं होतं. ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मी तीनदा लिहिलं होतं, मॅडम."

"मला माहीत आहे, सार."

"आता पुन्हा लिहितो. अपघाताचा उल्लेख करून."

त्यांच्यावर ओरडता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण तो माणूस तिच्याइतकाच अडकलेला होता.

मग तिनं आणि लक्ष्मीप्रिया टीचरांनी एका रविवारी स्वतःच रंग आणला. गावातली दोन-चार माणसं मदतीला आली. एकानं रस्ता अडवून धरला, बाकीच्यांनी केरसुणीनं धूळ झाडली आणि पट्टे ओढले. वाकडेतिकडे, पण पांढरे. अर्धं काम झालं असेल तेवढ्यात एक पोलीस मोटरसायकलवरून आला. तो भला माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही. परवानगीशिवाय राज्याच्या रस्त्यावर काही रंगवता येत नाही, उद्या काही झालं तर तुमच्यावरच येईल, एवढंच म्हणाला. अर्धा गतिरोधक पांढरा आणि अर्धा काळा असा राहिला. रंग भिंतीचा होता. बसच्या चाकांखाली तो पौर्णिमेपर्यंतही टिकला नाही.

शामसुंदर या सगळ्यात पंकजाला एका शब्दानं बोलले नव्हते. एकदाच, मंगलाला निजवून ओसरीवर आल्यावर, त्यांनी विचारलं, "तो तुझ्या सांगण्यावरून झाला ना?"

"होय, भावजी."

"असा झाला?"

"असा नव्हता सांगितला."

"मी अर्ज देत्यों," ते म्हणाले. "व्यापारी संघाचे लोक सही करायला तयार आहेत. तुझी हरकत आहे?"

"अर्जात काय मागणार?"

"तो दिसावा. दुसरं काय मागू?"

पंकजाची हरकत कशी असणार? तिला उलट आधार वाटला. ती स्वतः संस्थेचा कागद घेऊन गेली तर तो फायलीत बसतो. बाजारातल्या माणसांचा अर्ज कदाचित वरपर्यंत जाईल. तिनं त्यांना मसुद्यात मदत केली. पट्टे, पाटी, दिवा. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बातमी आली: फाट्यावरचा गतिरोधक जीवघेणा, व्यापाऱ्यांची तक्रार. मथळ्यात पट्ट्यांचा उल्लेख नव्हता.

त्याच सुमारास चंद्रमौळींची बदली झाली.

आणि एका सकाळी लक्ष्मीप्रिया टीचरांचा फोन आला. पहिल्यांदा पंकजाला त्यांचं बोलणंच कळेना. "काढला," त्या म्हणत होत्या. "यंत्र आणून खरवडून टाकला. रस्ता आरशासारखा केलाय. मॅडम, तुम्ही सांगितलंत का?"

"मी? नाही हो, टीचर!"

"ते म्हणाले लोकांची तक्रार होती. तुमच्याच घरची सही आहे म्हणाले."

पंकजा धावत दुकानात गेली. शामसुंदर एका गिऱ्हाइकाला समई दाखवत होते. तिनं सांगितलं तेव्हा समई त्यांच्या हातातून गल्ल्यावर आपटली.

"काढा म्हणून मी कोठे लिहिलं होतं? दिसावा म्हटलं होतं! तूच तर लिहून दिलंस!" ते गिऱ्हाइकासमोरच मराठीत ओरडले, आणि मग एकदम त्यांचा आवाज बसला. "काढणं सोपं पडलं असेल त्यांना. एकच यंत्र लागतं."

दोघं त्याच दिवशी खात्याच्या कचेरीत गेले. नवे अभियंते तरुण होते, नम्र होते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या. गतिरोधक धोकादायक असल्याची तक्रार आली, तपासणीत तो नियमांनुसार नसल्याचं आढळलं, म्हणून तो हटवला. यात चूक काय, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"पण तिथे शाळा आहे," शामसुंदर म्हणाले.

"मग नवीन प्रस्ताव द्या, सार. आम्ही नक्की विचार करू."

बाहेर आल्यावर शामसुंदर पायऱ्यांवर बसले. पंकजा त्यांच्याशेजारी बसली. समोरून बस आणि रिक्षा चालल्या होत्या. "मी मंगलेसाठी गेलों गे," ते म्हणाले.

बस पुन्हा त्या सरळ तुकड्यावर पुढे काढू लागल्या. लक्ष्मीप्रिया टीचर पुन्हा रस्त्यात उभ्या राहू लागल्या. त्यांनी मुलांचे गट पाडले, मोठ्यांनी लहानांचे हात धरायचे असं ठरवलं. एके दुपारी त्यांना तापामुळे लवकर घरी जावं लागलं. त्याच दुपारी पाचवीतली पवित्रा एका बसच्या मागून धावत निघाली आणि पुढे काढणाऱ्या दुसऱ्या बससमोर आली. चालकानं स्टिअरिंग वळवलं म्हणून ती वाचली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

पंकजा इस्पितळात पोचली तेव्हा पवित्राचे वडील बाकावर बसले होते. भातगिरणीत काम करणारा माणूस, भुवयांवरही तांदळाचा कोंडा. तिनं त्यांना काहीच विचारलं नाही. जागा तिला माहीत होती. ती नुसती शेजारी बसली.

मंगलाला व्यायामासाठी आणायचा तो दिवस होता. शामसुंदर तिची चाकांची खुर्ची ढकलत त्या दालनातून निघाले होते. पंकजाला तिथे पाहून ते थांबले.

"कोण?"

"शाळेतली मुलगी."

"फाट्यावरची?"

तिनं मान हलवली.

शामसुंदर यांनी खुर्चीचा ब्रेक लावला. मुलीच्या बापापुढे जाऊन ते उभे राहिले. मग ते उपाहारगृहाकडे गेले, कॉफी घेऊन आले आणि पेला त्या माणसाच्या हातात दिला. तो ओळख नसल्यानं गोंधळला, आणि मग प्यायला. आत मुलगी कण्हत होती. मंगला खुर्चीत मान वळवून त्या आवाजाकडे पाहत होती, आणि तिचा चांगला हात लुगड्याच्या काठाशी चाळा करत होता. ती काय समजली, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

पंकजा दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत गेली. तरुण अभियंत्यांना पवित्राचं ऐकून वाईट वाटलं. त्यांनी फाईल उघडली, चाळली.

"एका केसवर मंजुरी मिळणार नाही, मॅडम. तुम्ही संशोधनातल्या, तुम्हाला मी काय सांगू? गतिरोधक असतानाच्या काळात तर मुलांचा आकडा शून्य आहे. त्याआधीची माहिती जुन्या प्रस्तावात धरली गेली; वरचे विचारणार, आता गरज कुठे दिसते? तो काढल्यानंतरची माहिती हवी. पुरेशी. तुम्ही गोळा करालच."

ते तिला टाळत नव्हते. नियम तसाच होता, आणि तिनं स्वतः कितीतरी अहवालांत तो तसाच लिहिला होता. पुराव्याशिवाय खर्च नको. पुरेशा पुराव्याशिवाय निष्कर्ष नको.

"तोपर्यंत नुसती पाटी तरी?" तिनं विचारलं.

"तीही प्रस्तावाचाच भाग होईल."

ती तिथून फाट्यावर गेली. शाळा सुटायला आली होती. लक्ष्मीप्रिया टीचर तापातूनच उठून आल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभ्या होत्या. पंकजानं त्यांना अभियंत्यांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे अजून काही मुलं पडेपर्यंत थांबायचं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. समजून घेत असल्यासारखं त्या म्हणाल्या. "किती, मॅडम?"

पंकजाला उत्तर माहीत होतं. अशा जागेसाठी किती जखमा पुरेशा धरतात, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं ते सांगितलं नाही.

घंटा झाली. मुलं फाटकातून एकदम बाहेर आली आणि टीचरांच्या छत्रीमागे गोळा झाली. आडुतुरैकडून दोन बस येत होत्या, एक दुसरीच्या बगलेत. टीचरांनी छत्री उंच धरली. पंकजानं तिच्या बाजूला दोन्ही हात आडवे पसरले आणि मुलांना मागे रेटून धरलं. पुढची बस गेली, तिच्या वाऱ्यानं मुलांचे केस उडाले, मग दुसरी गेली. कोणी हळू केलं नाही.

"आता," टीचर म्हणाल्या, आणि मुलं पळाली.